प्रोसेसरला वीज किती द्यायची?

नवा डेस्कटॉप असेंबल करून घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलं, की दुकानदार जे कोटेशन हातात ठेवतो त्याची मांडणी ठरलेली असते. प्रोसेसरचं नाव मॉडेल नंबरासकट पूर्ण. ग्राफिक्स कार्डचंही तसंच. रॅम किती जीबीची, एसएसडी किती टीबीची, सगळं स्पष्ट. मदरबोर्डच्या ओळीत मात्र पुष्कळदा नुसता चिपसेट लिहिलेला असतो, ‘एच६१० बोर्ड’ किंवा ‘बी७६० बोर्ड’. कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल, ते त्या दिवशी दुकानात जो माल असेल त्याप्रमाणे. बजेट जुळेनासं झालं की कात्री पहिल्यांदा याच ओळीवर चालते, आणि गिऱ्हाईकही हरकत घेत नाही. बोर्डाने काही वेग वाढत नाही, अशी सगळ्यांचीच समजूत असते.

ही समजूत अर्धी खरी आहे. टॅली, पत्रव्यवहार, ब्राउझिंग, सिनेमा पाहणं एवढ्यापुरता संगणक असेल, तर स्वस्तातला बोर्ड आणि त्याच्या चौपट किमतीचा बोर्ड यांच्या वेगातला फरक शोधूनही सापडणार नाही. तो दिसतो लग्नाच्या चित्रीकरणाचं रेंडरिंग लावल्यावर, आर्किटेक्टच्या ऑफिसात थ्रीडी व्ह्यू काढताना, एखादा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करताना. प्रोसेसरचे सगळे कोअर पंधरा-वीस मिनिटं सलग राबायला लागले, की खोक्यावर छापलेल्या गिगाहर्ट्झला फारसा अर्थ उरत नाही. बोर्ड प्रोसेसरला किती वीज पोचवू शकतो, बायोसमध्ये किती पोचवायची असं लिहिलेलं आहे आणि त्यातून निघणारी उष्णता बाहेर जायला वाट आहे की नाही, यावर सगळं येऊन ठरतं.

म्हणून या पुस्तकात मदरबोर्डची निवड आणि प्रोसेसरच्या विजेची मर्यादा हे दोन विषय एकत्र घेतले आहेत. एरवी त्यांची फारकत झालेली असते. बोर्डाची निवड हा खरेदीचा विषय समजतात, आणि विजेचं सेटिंग हा हौशी ओव्हरक्लॉकरांचा. मला ही फारकत मान्य नाही. प्रोसेसर किती वॉटवर चालवायचा हे आधी ठरवावं आणि मग बोर्ड पाहायला जावं, असं मी प्रत्येकाला सांगत आलो आहे. क्रम उलटा झाला की एकतर गरज नसलेल्या बोर्डावर पैसे जातात, नाहीतर महागड्या प्रोसेसरचा अर्धा वेग स्वस्त बोर्डात अडकून पडतो.

बोर्डात वीज नेमकी जाते कुठून, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं. कॅबिनेटचं झाकण काढून बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे नजर टाका. एसएमपीएसमधून आलेला आठ पिनांचा कनेक्टर तिथे खोचलेला असतो, आणि त्यातून १२ व्होल्टची वीज येते. प्रोसेसरला १२ व्होल्ट चालत नाहीत. त्याला लागतात एक-सव्वा व्होल्टच्या आसपास, आणि तेही कामाप्रमाणे क्षणोक्षणी बदलणारे. हे रूपांतर करणारा भाग म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर, बाजाराच्या भाषेत व्हीआरएम. सॉकेटच्या डावीकडे आणि वर ओळीने बसवलेले करडे चौकोनी ठोकळे दिसतात ते चोक. त्यांच्या शेजारचे नखाएवढे काळे, चपटे तुकडे म्हणजे मॉसफेट. आजूबाजूला उभे असलेले छोटे गोल डबे कपॅसिटरचे. मॉसफेट सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतात, आणि त्या तुटक विजेतून चोक आणि कपॅसिटर मिळून सलग, स्थिर व्होल्टेज तयार करतात. अशा एका संचाला फेज म्हणतात. सगळ्या फेज एकाच क्षणी चालू होत नाहीत. त्या एकामागोमाग आपापला वाटा उचलतात, म्हणून भार आणि उष्णता दोन्ही विभागली जातात.

आता थोडा हिशेब. इंटेलच्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरची कमाल टर्बो मर्यादा २५३ वॉट आहे. सव्वा व्होल्टला २५३ वॉट म्हणजे सुमारे २०० अँपिअरचा प्रवाह. रोधामुळे होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेच्या विज्ञानात सगळ्यांनी शिकलेलं असतं. ते इथे फार कडकपणे लागू होतं. व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तरी २५३ वॉट पुढे पोचवताना २८ वॉट त्याच्याच अंगात जिरतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं नेहमीचं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. तेवढी उष्णता सॉकेटशेजारच्या दोन बोटं रुंद पट्टीत सतत निघत राहते. त्या पट्टीवर ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक असेल तर ती हवेत जाते. अगदी स्वस्त बोर्डांवर मॉसफेट उघडेच असतात. ते तापले की बोर्ड प्रोसेसरला वेग उतरवायचा इशारा देतो, आणि साडेचार-पाच गिगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसर क्षणात खूप खाली येतो. थोडं थंड झालं की पुन्हा वर, पुन्हा खाली. वापरणाऱ्याला वाटतं विंडोज बिघडलं, व्हायरस आला, कूलरची पेस्ट सुकली. तो विंडोज नव्याने टाकतो, पेस्ट बदलतो, आणि दुखणं तिथेच राहतं.

खोक्यावर ‘१२+२+१ फेज’ असं काहीतरी मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्यातला पहिला आकडा प्रोसेसरच्या कोअरसाठीचा. बाकीचे ग्राफिक्स, मेमरी कंट्रोलर आणि इतर भागांसाठीचे. पण नुसत्या संख्येवर जाऊ नये. पुष्कळ बोर्डांत एकाच सिग्नलवर दोन-दोन संच जोडून आकडा दुप्पट केलेला असतो. त्यात लबाडीच आहे असं नाही, ती रचनाही चांगली चालते. पाहायचं असतं ते हे, की प्रत्येक संच किती अँपिअर पेलतो. ९० अँपिअरच्या आठ फेज ५० अँपिअरच्या बारा फेजपेक्षा जास्त भार घेतात. हा आकडा खोक्यावर क्वचितच सापडतो, पण कंपनीच्या तपशिलात किंवा चांगल्या चाचणीत मिळतो, आणि बोर्ड निवडताना मी सर्वांत आधी तोच शोधतो.

एवढी वीज लागायची वेळ का आली, याला इतिहास आहे. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं आणि त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवत गेलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही विजेचा खप वाढत नाही. पुढची तीसेक वर्षं या नियमाने संगणकउद्योगाला फुकटात वेग दिला. २००४-०५च्या सुमारास मात्र ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले, की व्होल्टेज आणखी उतरवलं तर गळतीच आटोक्यात राहीना. इंटेलने २००४च्या मे महिन्यात पेंटियम-४च्या पुढची ‘तेहास’ नावाची योजना सोडून दिली आणि एका चिपवर अनेक कोअर बसवण्याची वाट धरली. २००८च्या नेहॅलेम पिढीबरोबर टर्बो बूस्ट आला. उष्णतेला आणि विजेला वाव असेल तोपर्यंत प्रोसेसर आपणहून छापील वेगाच्या वर जाऊ लागला.

त्याआधीच्या काळातल्या लोकांना सेलेरॉन ३००ए आठवत असेल. १९९८चा हा स्वस्त प्रोसेसर. बसचा वेग ६६वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला, की ३००चा ४५० मेगाहर्ट्झ होई, आणि पुष्कळ प्रोसेसर ते बिनतक्रार झेलत. अबिटच्या बीएच६ बोर्डावर तर जंपर न हलवता बायोसमधूनच हे जमायचं. कंपनीने राखून ठेवलेला वेग बाहेर काढणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, ही कल्पना त्या काळात रुजली आणि अजून निघालेली नाही. आज कंपनी काहीच राखून ठेवत नाही. स्पर्धा इतकी अटीतटीची आहे, की प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या वेगाच्या शेवटच्या टोकाला नेऊन पाठवतात. तिथून पुढे ढकलायला जागा नाही. मागे यायला मात्र भरपूर आहे, आणि जाणकाराच्या हाताला खरं काम तिथेच मिळतं.

मागे आल्याने किती मिळतं हे समजायला एक सूत्र पुरतं. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो ती वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या गुणाकाराने वाढते. समजा, एक प्रोसेसर १.१ व्होल्टवर ५ गिगाहर्ट्झ देतो आणि ५.६ गिगाहर्ट्झसाठी त्याला १.३ व्होल्ट लागतात. वेग वाढला १२ टक्के. व्होल्टेजचा वर्ग वाढला जवळजवळ ४० टक्के. दोन्हींचा गुणाकार केला की विजेचा खप ५६ टक्क्यांनी वाढलेला निघतो, आणि गळतीचा वाटा त्यावर वेगळा. शेवटच्या त्या १२ टक्क्यांसाठी मोठा कूलर, मोठा एसएमपीएस, जाड व्हीआरएमचा बोर्ड आणि पंख्यांचा घरघराट हे सगळं येतं. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्सचं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. त्याची मूळ मर्यादा २३० वॉट. बायोसमधल्या इको मोडने, म्हणजे वीज कमी करण्याच्या तयार सोयीने, ती १४२वर आणली, तर सगळे कोअर लावून केलेल्या कामातही वेग थोडासाच उतरतो. ८८ वॉटवर आणला, तरी तीन-चतुर्थांशाहून जास्त काम तो देतच राहतो. वीज चाळीस टक्क्यांच्या आत येऊनही! हा प्रोसेसर ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा प्रयोग एकदा तरी करावा, असं मी कळकळीने सांगतो.

इथे ८८ आणि १४२ हे विचित्र आकडे कुठून आले, ते सांगायला हवं, कारण दुकानात याचा सर्वांत जास्त घोळ होतो. एएमडीच्या खोक्यावर ६५ वॉट, १०५ वॉट, १७० वॉट असं छापलेलं असतं. तो आकडा टीडीपीचा, म्हणजे कूलर कोणत्या दर्जाचा हवा याचा अंदाज. प्रोसेसरला सॉकेटमधून प्रत्यक्षात जेवढी वीज घेण्याची मुभा असते, तिला पीपीटी म्हणतात आणि ती टीडीपीच्या साधारण १.३५ पट असते. म्हणून ६५चे ८८, १०५चे १४२ आणि १७०चे २३०. इंटेलची पद्धत वेगळी. तिथे पीएल-१ ही दीर्घकाळची मर्यादा, पीएल-२ ही थोड्या वेळापुरती, आणि तो थोडा वेळ किती हे ठरवणारा टाऊ. २०२०च्या कोअर आय-९ १०९००केला पीएल-१ होती १२५ वॉट, पीएल-२ २५० आणि टाऊ ५६ सेकंद. म्हणजे जेमतेम मिनिटभर दुप्पट विजेवर पळायचं आणि मग १२५वर यायचं, अशी इंटेलची शिफारस. बाराव्या पिढीपासून ‘के’, म्हणजे गुणक खुला असलेल्या, प्रोसेसरांसाठी इंटेलने स्वतःच पीएल-१ उचलून पीएल-२च्या बरोबरीने नेऊन ठेवली.

शिफारस इंटेलची, पण बायोस लिहितो बोर्डवाला. चाचण्यांमध्ये आपला बोर्ड दोन टक्क्यांनी पुढे दिसावा म्हणून बोर्ड कंपन्यांनी वर्षानुवर्षं या मर्यादा उठवून ठेवल्या. अशा बोर्डाच्या बायोसमध्ये शिरलं, तर दीर्घ आणि अल्प मुदतीच्या मर्यादेसमोर ४०९५ किंवा ४०९६ वॉट असा आकडा दिसतो. तिथे लिहिता येणारा तो सर्वांत मोठा आकडा, म्हणजे मर्यादाच नाही. गिऱ्हाईकाने कशालाच हात लावलेला नसतो. त्याला वाटतं आपला संगणक कंपनीने दिलेल्या मूळ सेटिंगवर चालला आहे. ते सेटिंग मूळ असतं, पण प्रोसेसर बनवणाऱ्याचं नसतं.

२०२४ साली हा सगळा व्यवहार उघड्यावर आला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर अस्थिर होऊ लागल्याच्या तक्रारी जगभरातून येत होत्या. लक्षणं फसवी होती. अनरिअल इंजिनवरचे गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश देऊन बंद पडत, आणि साहजिकच लोक ग्राफिक्स कार्डला दोष देत. कार्ड बदलून बघत, ड्रायव्हर बदलत. दोष मात्र प्रोसेसरमध्ये असायचा. इंटेलने आधी बोर्ड कंपन्यांना आपल्या शिफारशीप्रमाणे मूळ सेटिंग द्यायला लावलं. जुलैत जाहीर केलं, की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी या क्रमांकाचे सुधारित मायक्रोकोड आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. इंटेलने शेवटी जी चार कारणं दिली, त्यांत शिफारशीपलीकडची वीज देणारी बोर्डाची सेटिंग हे एक होतं. बाकीची तीन इंटेलच्या मायक्रोकोडशी आणि बायोसच्या संहितेशी संबंधित. त्यातलं एक तर असं, की प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतानाही व्होल्टेज चढत होतं. म्हणून ज्यांनी आधीपासून वॉटची मर्यादा घालून ठेवली होती तेही पूर्ण सुरक्षित नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आणि एकदा झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडने बरा होत नाही. या पिढीचा प्रोसेसर कोणी वापरलेला विकत घेत असेल, तर बोर्डाचा बायोस कधीचा आहे आणि त्याआधी तो किती काळ चालला, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एएमडीची बाजूही कोरी नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये रायझन ७०००एक्स३डी मालिकेचे काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाले. मेमरीचं एक्स्पो प्रोफाइल चालू केलं, की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज, म्हणजे मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं व्होल्टेज, नको तितकं चढवत होते. एएमडीने ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं आणि सगळ्या बोर्डांना नवे बायोस निघाले. दोन्ही प्रकरणांत साम्य आहे. सामान्य माणसाने काही वावगं केलेलं नव्हतं. बोर्डाने त्याच्या नकळत जे ठरवलं, त्याचे भोग त्याच्या वाट्याला आले.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे, आणि परदेशी चाचण्या पाहून खरेदी करणाऱ्यांच्या ती लक्षातच येत नाही. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त दोहोंतला फरक आवरून धरतो. २२ अंशांच्या खोलीत ज्या प्रोसेसरचं तापमान ७८ दिसलं, तो ४० अंशांच्या खोलीत त्याच भाराखाली ९६च्या घरात जाणार. अकोला, नागपूर, चंद्रपूर इथे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना एसी नसलेल्या खोलीत ४० काही फार नव्हेत. रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांना वेग आवरतात, ७८००एक्स३डी तर ८९लाच. म्हणजे जी चाचणी पाहून आपण प्रोसेसर घेतला, तिच्यातला वेग उन्हाळ्याचे तीन महिने आपल्याला मिळतच नाही, पंखे मात्र पूर्ण वेगाने फिरत राहतात. मर्यादा १४२ किंवा ८८ वॉट ठेवली, तर तोच संगणक जानेवारीत आणि मे महिन्यात जवळजवळ सारखा चालतो. व्यवसाय म्हणून रेंडरिंग करणाऱ्याला या सारखेपणाची किंमत कळते. काम किती वाजता संपेल ते गिऱ्हाईकाला सांगता येतं.

यूपीएसचंही तेच. घरोघरी जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो तो ३६० वॉटच्या आसपास पेलतो. २५३ वॉटचा प्रोसेसर आणि २०० वॉटचं ग्राफिक्स कार्ड एकदम भारात असताना वीज गेली, की तो शिटी वाजवून त्याच क्षणी मान टाकतो. ज्यासाठी घेतला तेच काम तो करू शकत नाही. विजेच्या बिलातला फरक त्यामानाने लहान. रोज सहा तास, वर्षाचे तीनशे दिवस, ११० वॉट वाचवले तर सुमारे दोनशे युनिट. पण तो फरक दरवर्षीचा आहे.

बोर्डाच्या निवडीबद्दल पुढे सविस्तर प्रकरणं आहेत, तेव्हा इथे थोडक्यातच सांगतो. कोअर आय-५ १२४००सारखा प्रोसेसर घेणार असाल, तर त्याची कमाल मर्यादा ११७ वॉट आहे आणि बहुतेक कामांत तो तिथवर पोचतही नाही. त्याला एच६१० किंवा बी७६० चिपसेटचा साधा, पण निदान मॉसफेटवर हीटसिंक असलेला बोर्ड पुरतो. त्यावर झेड७९० घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, कारण कोअरचा गुणक वाढवण्याची जी मुभा झेड चिपसेट देतो ती ‘के’ नसलेल्या प्रोसेसरला लागूच होत नाही. उलट १४७००के किंवा १४९००के घेऊन तो एच६१०वर बसवणारे पाहिले की जीव तुटतो. एएमडीकडे बी६५० चिपसेटवर प्रोसेसरची बारीक जुळवणी करता येते, ए६२०वर प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकिंगची सोय नाही, आणि एक्स६७०चे जादा पैसे हे मुख्यतः जादा जोडण्यांचे असतात. दोन-तीन एनव्हीएमई आणि एखादं कॅप्चर कार्ड लावायचं नसेल, तर त्या जोडण्या धूळ खात पडतात. सॉकेटचाही विचार करावा. एएम४ सॉकेटवर २०१७च्या रायझनपासून पुढच्या कित्येक पिढ्या चालल्या, आणि एएम५बद्दल एएमडीने २०२७पर्यंतचा शब्द दिला आहे. इंटेलचा एलजीए१७०० तीन पिढ्यांनंतर थांबला, आणि २०२४च्या ऑक्टोबरपासून नव्या प्रोसेसरांना एलजीए१८५१ लागतो.

रॅमचे चार स्लॉट पाहून चारही भरायची हौस आवरावी. डीडीआर५मध्ये दोन स्टिकांवर जो वेग मिळतो तो चार लावल्यावर टिकत नाही. रायझन ७०००साठी एएमडीची अधिकृत हमी दोन स्टिकांना ५२००ची आहे आणि चार स्टिकांना फक्त ३६००ची. पुढेमागे रॅम वाढवायची असेल, तर सुरुवातीलाच मोठ्या क्षमतेच्या दोन स्टिका घ्याव्यात. आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर त्यासाठी चार पैसे जास्त मोजावेत. प्रोसेसर न लावता, नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याची ती सोय ज्या दिवशी लागते, त्या दिवशी दुसरं काहीच उपयोगी पडत नाही. रंगीत दिव्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्याला आवडतात त्याने खुशाल घ्यावेत, फक्त ते पैसे हीटसिंकच्या वाट्याचे नसावेत.

आता प्रत्यक्ष जुळवणी. संगणक चालू होताना डिलीट की दाबून बायोसमध्ये जायचं आणि साध्या पडद्यावरून ॲडव्हान्स्ड मोडमध्ये शिरायचं. काहीही बदलण्याआधी त्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. इंटेलच्या बोर्डावर ‘लाँग ड्युरेशन’ आणि ‘शॉर्ट ड्युरेशन’ पॉवर लिमिट अशा दोन ओळी शोधायच्या. एएमडीच्या बोर्डावर इको मोड, किंवा पीबीओमध्ये (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह) जाऊन पीपीटीचा आकडा. तिथे आपला आकडा टाकून, सेव्ह करून बाहेर यायचं. मग विंडोजमध्ये मोजमाप दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून रेंडरिंगची चाचणी घेणारं सिनेबेंच दहा मिनिटं चालवायचं. पाहायच्या ओळी थोड्याच आहेत: प्रोसेसर पॅकेज पॉवर, कोअरचा प्रत्यक्ष वेग, तापमान आणि बोर्ड दाखवत असेल तर व्हीआरएमचं तापमान. पीएल-१ १२५ आणि पीएल-२ त्याहून जास्त ठेवलेली असेल, तर सुरुवातीला वॉटचा आकडा झपकन चढतो. टाऊ संपला की तो १२५वर येऊन थांबतो, वेग काहीशे मेगाहर्ट्झने उतरतो आणि पंख्यांचा आवाज एकदम खाली येतो. हा बदल एकदा स्वतःच्या कानांनी ऐकला, की पुढची प्रकरणं समजायला जड जात नाहीत. आकडा किती ठेवायचा? मी स्वतः सगळ्यांत वरच्या मर्यादेपासून सुरुवात करून वीस-वीस वॉट खाली येतो आणि प्रत्येक टप्प्याला सिनेबेंचचे गुण लिहून ठेवतो. ज्या टप्प्यावर गुण विजेपेक्षा वेगाने घसरू लागतात, तिथून एक पायरी वर थांबतो.

व्होल्टेज उतरवणं हा याच्या पुढचा टप्पा, आणि तो वेगळ्या स्वभावाचा आहे. वॉटची मर्यादा घातल्याने प्रोसेसर अस्थिर होत नाही, तो फक्त हळू चालतो. व्होल्टेजशी खेळलं की अस्थिरतेची शक्यता येते. एएमडीच्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना उणे दहा द्यायचे आणि चाचणी पाहायची, मग उणे पंधरा, उणे वीस. एकेक पायरी तीन ते पाच मिलिव्होल्टची. इथे घाई करणारे फसतात ते भाराखाली नव्हे, तर संगणक रिकामा असताना किंवा एकच कोअर सर्वोच्च वेगाने पळत असताना. सिनेबेंच तासभर सुखरूप चाललं आणि रात्री गाणी ऐकताना संगणक आपोआप रीस्टार्ट झाला, हे याचं ठरीव लक्षण. म्हणून प्रत्येक कोअर वेगवेगळा तपासणारी चाचणी लावायची, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया नावाने हार्डवेअरच्या चुकांची नोंद दिसते का ते पाहायचं. एकही नोंद दिसली तर पाच पायऱ्या मागे यायचं. ज्या संगणकावर लोकांचे हिशेब, पुस्तकांची पानं किंवा न मिळणारं चित्रीकरण ठेवलेलं आहे, त्यावर मी व्होल्टेजला हात लावू देत नाही. तिथे वॉटची मर्यादा पुरे. इंटेलच्या ‘के’ नसलेल्या प्रोसेसरांवर आणि झेड नसलेल्या बोर्डांवर व्होल्टेजचं सेटिंग पुष्कळदा बंदच असतं. त्याची हळहळ वाटून घेऊ नये. वॉटची मर्यादा तिथेही उघडी असते आणि नव्वद टक्के फायदा तिच्यातच आहे.

विंडोजच्या पॉवर प्लॅनबद्दल गैरसमज फार. ‘हाय परफॉर्मन्स’ निवडल्याने भाराखालचा वेग वाढत नाही. त्यात प्रोसेसरची किमान अवस्था शंभर टक्क्यांवर धरलेली असल्याने रिकामा वेळही वाया जातो. ‘बॅलन्स्ड’ ठेवावं आणि विसरून जावं. लिनक्सवाल्यांसाठी गव्हर्नर आणि एएमडी पी-स्टेट यांचं प्रकरण स्वतंत्र दिलं आहे, कारण तिथे पर्याय जास्त आहेत आणि ते कामाचेही आहेत.

पुस्तकात लॅपटॉप घेतलेला नाही. त्याचा बोर्ड निवडता येत नाही आणि बायोसही बहुधा कुलूपबंद असतो. द्रव नायट्रोजन ओतून केलेले विक्रमही घेतलेले नाहीत. ज्यांच्या टेबलावरचा संगणक रोज आठ-दहा तास कामाला जुंपलेला असतो, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. वाचताना स्वतःच्या बोर्डाचं मॅन्युअल शेजारी उघडं असू द्यावं, कारण एकाच सेटिंगला तीन कंपन्या तीन नावं देतात. एक गोष्ट मात्र प्रत्येक प्रकरणाआधी तपासावी. बायोस अपडेट केला की आपण घातलेल्या मर्यादा बहुधा पुसल्या जातात आणि बोर्ड पुन्हा आपल्या मनाप्रमाणे वीज द्यायला लागतो. तेव्हा अपडेटनंतर पहिल्यांदा बायोसमध्ये जाऊन, आधी काढलेले फोटो समोर ठेवून, ते आकडे पुन्हा भरावेत.